अडतीस दिवसांचा ताण

पांढुर्ण्यात रेल्वे लाइनीपलीकडे एक सरकारी मराठी शाळा आहे. तिचं पटांगण दहा-बारा वर्षांपूर्वी कोण्या शहाण्याने सिमेंटच्या गट्टूंनी झाकून टाकलं होतं. चिखल होत नाही, झाडायला सोपं जातं आणि उद्घाटनाच्या फोटोत चांगलं दिसतं, असे तीन फायदे होते. तोटा एकच होता, की मार्च लागला की पोरांना त्यावर पाय ठेवता येत नसे. मधल्या सुट्टीत पोरं भिंतीच्या हातभर सावलीत पाठ टेकून बसायची आणि घंटा व्हायची वाट पाहायची. सुट्टी संपावी म्हणून वाट पाहणारी पोरं तुम्ही कुठं पाहिली नसतील, ती तिथं होती.

बावीस सालच्या उन्हाळ्यात सुचिता मॅडम मुख्याध्यापिका होऊन आल्या. त्यांनी गट्टू काढण्याच्या परवानगीचा कागद वर पाठवला. कागद वरच राहिला. मॅडमनी महिनाभर वाट पाहिली आणि एका रविवारी वस्तीतून दोन सब्बली, म्हणजे पहारी, मागून आणून स्वतःच पहिला गट्टू उचकटला. पोरांच्या आया आल्या, बाप आले, संध्याकाळपर्यंत अर्धं पटांगण उघडं पडलं. आता इथं झाडं लावायची, भाजीचे वाफे करायचे, बसायला ओटा बांधायचा, सकाळी पोरांनी शिकायचं आणि संध्याकाळी वस्तीने येऊन बसायचं, असं मॅडमच्या डोक्यात होतं. डोक्यात सगळं होतं, फक्त झाडांतलं काही कळत नव्हतं. झाडांची माहिती असलेलं कोणी पाहिजे, असं त्यांनी बाजारात चार जणांना सांगून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी केशवराव येऊन उभे राहिले. बाजारातल्या लोकांना आश्चर्य वाटलं. केशवराव तिगावकडचे, चारशे संत्र्यांच्या बगीच्याचे मालक, वय अडुसष्ट, आणि घरच्या लग्नातसुद्धा मोजून बोलणारा माणूस. असा माणूस फुकटात, रोज दुचाकीवर येऊन, परक्यांच्या पोरांना खुरपं धरायला शिकवणार? लोकांनी दोन दिवस चर्चा केली आणि सोडून दिलं. म्हातारपणी माणसाला काही सुचतं, असं ठरलं.

खरी गोष्ट अशी होती, की त्या शाळेत पहिलीच्या वर्गात श्रुती नावाची एक पोरगी होती, आणि ती केशवरावांच्या मुलीची मुलगी होती. तिच्याशी ते जन्मात एक शब्द बोलले नव्हते.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी संत्र्याचं सांगावं लागतं. संत्र्याच्या झाडाला सारखं पाणी मिळत राहिलं तर ते नुसतं पाल्यावर जातं. म्हणून हिवाळ्याच्या तोंडाशी त्याचं पाणी तोडतात. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्यांना थोडी हवा दाखवतात. झाड सुकायला लागतं, पानं पिवळी पडतात, काही गळतात. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं, की पंधरा-वीस दिवसांत झाड फुलांनी पांढरं होतं. याला ताण देणं म्हणतात. सगळं कसब दिवस ओळखण्यात आहे. केशवरावांना ते असं साधलं होतं की ताण कधी तोडायचा ते विचारायला रामाकोन्यापासून लोक यायचे. ते झाडाजवळ जायचे, एक पान मुठीत दाबून पाहायचे आणि सांगायचे, "अजून चार दिवस." त्यांचे चार दिवस चारच निघायचे.

त्यांची मुलगी दामिनी. चौदा साली तिने छिंदवाड्याला कोर्टात प्रवीणशी लग्न केलं. प्रवीण पांढुर्ण्याचाच, बौद्ध घरातला, नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर. मुलगा निर्व्यसनी, नोकरीचा, बोलायला सरळ. खोट काढायला जागाच नव्हती, तेव्हा लोकांनी जात काढली. केशवराव ओरडले नाहीत, की त्यांनी आदळआपट केली नाही. त्यांनी समोरचं जेवण संपवलं, हात धुतला आणि बायकोला आणि मुलाला सांगितलं, "तिच्यासंग कोनी बोलाचं नाही. ताण बसू द्या. थोडी सुकन, मंग येते आपोआप."

त्यांना वाटलं होतं, दिवाळीपर्यंत येईल. दिवाळी गेली. मग वाटलं, संक्रांतीला येईल. त्यांचा राग तर पहिल्या वर्षातच संपला होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. राहिली ती वाट. तिने यावं, पाया पडावं, 'चुकलं' म्हणावं, मग आपण पाणी सोडू. सतरा साली ती खरंच आली. कडेवर वर्षाची पोर घेऊन बगीच्याच्या धुऱ्यावर, बांधापाशी, उभी राहिली. म्हणाली, "बाबा, पोरगी दाखवाले आनली." चुकलं म्हणाली नाही. केशवरावांनी पोरीकडे पाहिलं, गोरीपान, डोक्यावर लाल टोपडं. त्यांच्या मनात आलं, अजून थोडं. आणि ते वळून झाडांच्या ओळीत निघून गेले. ओळीच्या शेवटाला जाऊन त्यांनी मागे पाहिलं तेव्हा धुऱ्यावर कोणी नव्हतं.

एकवीस सालच्या सप्टेंबरात दामिनीला कावीळ झाली. ती पोटात शिरली आणि अकरा दिवसांत नागपूरच्या दवाखान्यात दामिनी गेली. नवव्या दिवशी प्रवीणचा फोन आला होता. केशवराव म्हणाले, सकाळी निघू. सकाळी डोळ्यांसमोर अंधारी आली म्हणून निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी निघाले ते घाटावर पोचले. ज्या माणसाला चारशे झाडांचा दिवस कळत होता, त्याला आपल्या एका लेकीचा दिवस कळला नाही. यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

तर असा माणूस प्रवीणच्या घरचं दार वाजवायची हिंमत होत नाही म्हणून शाळेत झाडं लावायला गेला. दुसऱ्याच आठवड्यात प्रवीण नव्या टाकीचा पाइप जोडायला आला आणि सासरे खड्ड्यात उभे दिसले. त्याने पाइप खाली ठेवला.

"पोरगी हितंच शिकते," प्रवीण म्हणाला.

"मालूम हाय."

"मंग?"

"तिले सांगू नको. मी सांगतो. वेळ आली का सांगतो."

प्रवीणने पाना हातात फिरवला. "मी मधात येत नाही. पन वेळ तुमाले समजते, असं माले वाटत नाही," तो म्हणाला, आणि पाइपाचा आटा आवळायला बसला. त्यानंतर तो दर आठवड्याला टाकी पाहायला यायचा, केशवरावांना नमस्कार करायचा आणि जायचा. त्याने शब्द पाळला.

गट्टूखाली मुरूम आणि गिट्टी होती. माती नावाला नव्हती. केशवरावांनी कमरेइतके खड्डे घ्यायला लावले, स्वतःच्या बगीच्यातली काळी माती आणि शेणखत ट्रॉलीने आणून टाकलं. भिंतीकडून कडुनिंब आणि करंज, मधे संत्र्याची सहा झाडं, बाकी वाफे. झाडाभोवती आळं कसं करायचं, आळ्यात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, भुसा का टाकायचा, हे त्यांनी पोरांना दहा-दहादा सांगितलं. घरी दिवसभरात दहा शब्द बोलणारा माणूस तिथं दुपारभर बोलायचा. पोरं त्यांना माळीबाबा म्हणायला लागली.

दोन वर्षांत त्या जागेचा चेहरा बदलला. तिसरीची पोरं गणित वाफ्यातच शिकायची, मेथीच्या ओळी मोजून. पाऊस किती पडला ते एका बाटलीत मोजून भिंतीवर लिहायची. वस्तीतल्या बायांनी एकेक वाफा वाटून घेतला, कोणी वांगी, कोणी सांबार म्हणजे कोथिंबीर. संध्याकाळी ओट्यावर कमल नावाच्या म्हाताऱ्या बाई अक्षरं शिकायला बसायच्या आणि त्यांना शिकवायला त्यांचीच नात. पांढुर्णा मधल्या काळात जिल्हा झाला, मोठी माणसं आली-गेली, पण सुचिता मॅडमना वाटायचं, खरी प्रगती आपल्या भिंतीच्या आत झाली. आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

श्रुती आता तिसरीत होती. समोरचा एक दात पडलेला, प्रश्न विचारून समोरच्याला हैराण करणारी. चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधायची. दामिनी अशीच चालायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा केशवराव टाकीमागे जाऊन तोंड धुऊन आले. सहा संत्र्यांपैकी ओट्याजवळचं झाड तिचं होतं. तिने ते लावलं होतं, तीच त्याला पाणी द्यायची, आणि केशवराव त्या झाडाजवळ जरा जास्तच वेळ घालवायचे. तिने आपल्याला एकदा आबाजी म्हणावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. रोज सकाळी तिगावहून निघताना ते ठरवायचे, आज सांगायचं. रोज दुपारी ठरवायचे, आज नको. पोरगी घाबरली तर? आईबद्दल विचारलं तर? तिने खुरपं टाकलं आणि पुन्हा जवळच आली नाही तर? असा विचार करत करत अडीच वर्षं गेली.

दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आळं साफ करताना तिने विचारलं, "माळीबाबा, तुमाले नातू हाय का?"

केशवरावांचा हात थांबला. सांगायला याहून सोपी जागा त्यांना मिळणार नव्हती. पण ते म्हणाले, "तुह्यं झाड फुललं ना बेटा, का तुले एक गोष्ट सांगतो."

"कवा फुलन?"

"अजून तीन वर्सं तरी लागतीन."

"तीन वर्सं लय होते," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "जल्दी नाही फुलवता येत?"

आणि इथं केशवरावांमधला बगीचेवाला जागा झाला. त्यांनी तिलाच नाही, सगळ्या वर्गाला झाडाखाली बसवून ताणाचं सगळं सांगितलं. पाणी कसं तोडतात, भुसा कसा काढतात, मुळ्या कशा उघड्या करतात, पान गळालं की कसं आनंदाने पाहायचं. सगळं सांगितलं, एक सोडून. ताण मोठ्या झाडाला देतात, पाच-सहा वर्षांच्या, हे त्यांनी सांगितलं नाही. लपवलं नाही, पण हे काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. तिगावात हे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. रेल्वे लाइनीपलीकडच्या पोरांच्या घरी बगीचे नसतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

नोव्हेंबरात देवकाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मुलगा विनोद नागपूरला राहतो, तिकडे जावं लागलं. ऑपरेशन, मग पट्टी, मग चालायचा सराव, असं करता करता परत यायला डिसेंबरची अखेर आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केशवराव शाळेत गेले.

दारातूनच त्यांना दिसलं. पाच झाडं हिरवी होती. ओट्याजवळचं सहावं भुरकं झालं होतं. भुसा काढून नीट एका बाजूला रचलेला होता. माती गोल उकरलेली, बारीक मुळ्या उघड्या पडलेल्या, आणि खाली गळलेल्या पानांचा थर. काम सुबक होतं. त्यांनी शिकवलं तसंच केलेलं होतं.

सुचिता मॅडम धावत आल्या. "मी तिला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "पानं पिवळी दिसली तेव्हाच विचारलं. म्हणाली, माळीबाबांनी सांगितलंय. मग मी काही बोलले नाही."

केशवरावांचं नाव निघालं की कोणी पुढे बोलत नसे. शाळेतही तसंच झालं होतं. त्यांनी मान हलवली आणि झाडाजवळ जाऊन बसले. नखाने खोडाची साल खरवडली. आत हिरवं पाहिजे होतं, तपकिरी निघालं. खाली, कलमाच्या जोडापाशी खरवडलं. तिथंही तसंच. झाड गेलं होतं.

श्रुती ओट्यावर बसून हे पाहत होती. मांडीवर वही होती. "फुललं नाही," ती म्हणाली.

"पानी कवापासून तोडलं?"

"तुमी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. अडतीस दिवस झाले." तिने वही उघडून दाखवली. पाठीमागच्या पानावर पेन्सिलीने मारलेल्या रेघा होत्या. "पानं गळाली तवा मी कोनाले सांगतलं नाही. म्हनलं, आता फुलन."

"काऊन केलं बेटा असं?"

"फुललं का सांगतो म्हनलं होतं ना तुमी."

केशवराव तिच्याशेजारी ओट्यावर बसले. पोरगी गोष्टीसाठी अडतीस दिवस झाडाकडे पाहत बसली होती, आणि आपण ती गोष्ट अडीच वर्षं खिशात घेऊन हिंडलो, याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. लहान झाडाला ताण देत नाहीत, त्याच्या अंगात काही साठलेलं नसतं. मोठ्या झाडालाही दिला तर रोज जाऊन पाहावं लागतं. "ताण देनं म्हंजे सोडून देनं नाही," ते म्हणाले, आणि ते शब्द त्यांचे त्यांनाच ऐकू आले.

"म्हंजे मी मारलं झाड," श्रुती म्हणाली.

"तू नाही मारलं. म्या पुरं सांगतलं नाही तुले." आणि मग, आता थांबलो तर पुन्हा होणार नाही हे उमगून, ते म्हणाले, "श्रुती, मी तुहा आबाजी हावो. तुह्या आईचा बाप."

तिने डोळे पुसले. "माले मालूम हाय," ती म्हणाली.

"कोनं सांगतलं? बाबानं?"

"नाही. आईच्या फोनात तुमचा फोटो हाय. संत्र्याच्या ढिगापाशी उभे हाव तुमी. आई रोज दाखवे, हे तुहे आबाजी म्हने. तुमी पयल्या दिवशी आले तवाच मी वळखलं."

"मंग बोलली काऊन नाही कवा?"

"तुमी सांगाले पायजे ना," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. मोठ्या माणसांचं काम मोठ्यांनी करावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

केशवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नागपूरच्या घाटापासून आजपर्यंत जे छातीत बसलं होतं ते हलल्यासारखं वाटलं. श्रुती सरकून जवळ आली.

"आबाजी," ती म्हणाली. हा शब्द ऐकायला ते अडीच वर्षं रोज वीस किलोमीटर ये-जा करत होते. "आबाजी, तुमी आईसंग काऊन बोलत नव्हते?"

खोटं सांगता आलं असतं. मोठी माणसं सांगतात तसं, कामात होतो, तब्येत बरी नव्हती. त्यांनी सांगितलं नाही. "ताण देऊन राहिलो होतो," ते म्हणाले.

श्रुतीने हे नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या कोणाला हा शब्द समजावून सांगावा लागला असता, तिला नाही. "किती दिवस?" तिने विचारलं.

"सात वर्सं."

तिने वहीतल्या रेघांकडे पाहिलं, मग केशवरावांकडे. ती रागावली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर त्यांना कीव दिसली, जी आपल्यासारखीच चूक दुसऱ्याने केलेली कळल्यावर येते. तिने आपला लहान हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुमालेबी कोनी पुरं सांगतलं नसन."

केशवरावांनी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. पोरगी सोडवत होती, त्यांनी सुटायचं होतं.

"सांगतलं होतं बेटा," ते म्हणाले. "तुही आजी रोज जेवाले वाढता वाढता सांगे. पोरगी मरन म्हने. सात वर्सं सांगे."

श्रुतीने हात काढून घेतला. वही बंद केली, ओट्यावरून उतरली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून वर्गाकडे चालायला लागली. केशवराव उठले आणि तिच्या मागे मागे चालत गेले. ती थांबली नाही, तिने वळूनही पाहिलं नाही.